पावडर भरलेली नळी तुटते, फुगते आणि मेगर देत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वसईत वालीवला गाळा आहे, साखळीचं ड्रॉ बेंच (डायच्या, म्हणजे कडक साच्याच्या, भोकातून नळी ओढून बारीक करणारं यंत्र) आहे, आजवर स्टेनलेसच्या रिकाम्या नळ्या ओढून देत आलात. आता एका गिऱ्हाइकाला ६ मिलिमीटरची थर्मोकपल केबल (तापमान मोजायची केबल) हवी आहे: बाहेर स्टेनलेस ३२१, आत मॅग्नेशियम ऑक्साइड आणि के टाइपच्या, म्हणजे क्रोमेल आणि ॲल्युमेल या मिश्रधातूंच्या, दोन तारा. तुम्ही १२ मिलिमीटर व्यासाची, दीड मिलिमीटर भिंतीची नळी घेतली, २ मिलिमीटरच्या तारा घातल्या, पावडर ठोकून भरली आणि १२ वरून १०.५, ९, ७.५ अशा पासांत, म्हणजे एकामागून एक लहान डायमधून, ओढली. तिसऱ्या पासात निम्म्या नळ्या तुटल्या. वाचलेल्या नळ्या ॲनिलिंगच्या (ताठ झालेला धातू तापवून पुन्हा मऊ करण्याच्या) भट्टीतून फुगून आल्या. ज्या फुगल्या नाहीत त्यांचा मेगर, म्हणजे तारा आणि नळी यांच्यातल्या विद्युतरोधाचा आकडा, जेमतेम. शिवाय एका इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं लोखंडी नळीत मॅग्नेशियम आणि बोरॉन भरून तार ओढून मागताहेत, ते काम घ्यावं का, हेही विचारलंत.

बेंचमध्ये दोष नाही. गडबड एवढीच की भरलेली नळी तुम्ही रिकाम्या नळीच्या हिशेबाने ओढताय. पावडरचा हिशेब कागदावर कुठेच नाही. तो मांडला की तुटण्याचा उलगडा होतो. फुगणं आणि मेगर हे वेगळं प्रकरण आहे, ते ओलीचं आहे, आणि ते भरण्याच्या दिवशीच ठरून गेलेलं असतं.

आधी ओढताना आत काय होतं ते पाहू. मँड्रेल (आतून आधार देणारी सळई) न घालता रिकामी नळी डायमधून काढली की व्यास कमी होतो, लांबी थोडी वाढते आणि भिंत होती तेवढीच राहते किंवा किंचित जाड होते. हे तुम्ही रोज बघता. आत पावडर असली तरी पहिल्या पासात जवळजवळ असंच घडतं: नळी आक्रसते, पावडर दबते. कंपनावर नीट भरलेल्या, वितळवून दळलेल्या मॅग्नेशियम ऑक्साइडची घनता दर घनसेंटिमीटरला २.३५ ग्रॅमच्या आसपास येते. अखंड मॅग्नेशियम ऑक्साइडची घनता ३.५८. म्हणजे भरलेल्या नळीतही एक तृतीयांश जागा हवेची असते. गव्हाचं पोतं आपटून आपटून बसवलं तरी एका हद्दीपुढे दाणे खाली जात नाहीत, तसंच इथे. त्यापुढे जायचं तर दाणे फुटायला हवेत, आणि ते काम डाय करते.

घनता २.८ च्या पुढे, म्हणजे अखंडच्या साधारण ८० टक्क्यांवर गेली की मात्र चित्र पालटतं. दाणे एकमेकांत अडकतात. डायच्या तोंडाशी ते फुटत आणि सरकत राहतात, पण एकूण जागा आता फारशी कमी होत नाही. तिथून पुढे नळी, पावडर आणि तारा असा सगळा ऐवज एका भरीव सळईसारखा वागतो आणि सगळ्यांचे व्यास एकाच प्रमाणात उतरतात. भिंत बाहेरच्या व्यासाच्या १२ टक्के असेल तर शेवटपर्यंत १२ टक्केच राहणार. मधल्या पासात भिंत पातळ करणं किंवा तार जाड ठेवणं आपल्या हातात उरत नाही. जे काही ठरवायचं ते पहिल्या डायच्या आधी.

तुमच्या आकड्यांवर हे करून पाहू. तुम्ही धरलंत की १२ चे ६ झाले म्हणजे सगळं निम्मं: भिंत ०.७५, तार १.० मिलिमीटर, आणि लांबी चौपट. प्रत्यक्षात तसं येत नाही. पावडर २.३५ वरून २.८६ पर्यंत दबते असं धरा. व्यास कमी होण्यातला काही भाग या दाबण्यातच खर्च होतो, त्याने लांबी वाढत नाही. हिशेब केला तर तुमची नळी चौपट न होता साधारण ३.६ पट लांब होते आणि भिंत ०.७५ ऐवजी ०.८४ मिलिमीटर येते. तारही थोडी जाड, १.०५ च्या आसपास. भिंत आणि तार दोन्ही जाड झाल्या म्हणजे मधली मॅग्नेशियम ऑक्साइडची जागा तेवढी आवळली, आणि तार कडेला सरकली की मेगर पडायला निमित्तच नको.

उलटा हिशेब असा. ६ मिलिमीटरवर ०.७५ ची भिंत आणि १ मिलिमीटरची तार हवी असेल, तर सुरुवात १२ मिलिमीटर बाहेर, १.३३ मिलिमीटर भिंत आणि १.९ मिलिमीटर तार अशी हवी. नेमकी १.३३ ची नळी बाजारात मिळणार नाही. मुंबईच्या कुंभारवाड्यात किंवा गुलालवाडीत जे हाताला लागतं त्याच्या जवळचं माप घ्या आणि तारेचा व्यास आणि डायचा शेवट त्याप्रमाणे बसवा. या केबलसाठी आयईसी ६१५१५ हे प्रमाणक वापरतात. त्यात भिंत बाहेरच्या व्यासाच्या किमान १० टक्के आणि तार किमान १५ टक्के मागितली आहे. वरचा हिशेब त्यात आरामात बसतो. नळी घेताना चाचणी करून घ्या. स्टेनलेसच्या नावाखाली २०० मालिकेचा माल सर्रास फिरतो, आणि तो दुसऱ्या पासातच ताठ होतो. हातातल्या एक्स-रे गनने तपासून देणारे मुंबईत बरेच आहेत. वेल्डेड नळी चालते, पण आतलं बीड (वेल्डची वर आलेली रेघ) सपाट केलेलं असेल तरच. उभं बीड पावडरमध्ये घुसतं आणि तिथून चीर जाते.

पावडर कुठल्या पासाला घट्ट झाली हे कळायला मीटरटेप आणि मायक्रोमीटर पुरे. प्रत्येक पासाआधी नळीवर दोन खुणा करा आणि त्यांच्यातलं अंतर पासानंतर पुन्हा मोजा. १२ चे ११ झाले तर क्षेत्रफळ १.१९ पटीने उतरलं. अंतर मात्र १.०९ पटच वाढलेलं दिसेल. राहिलेला फरक पावडर दबण्यात गेला. पुढच्या पासाला ११ चे १० केलेत आणि क्षेत्रफळ आणि लांबी दोन्हीचा आकडा १.२१ च्या जवळ आला, तर पावडर बसली असं समजा. तिसऱ्या पासालाही लांबी मागे राहत असेल तर भरताना कमी पडलंय, पुढे ओढण्यात अर्थ नाही. हे मोजमाप मी नव्या माणसाला सगळ्यात आधी शिकवतो, कारण याला ना प्रयोगशाळा लागते ना फोटो काढावा लागतो.

याच पहिल्या पासात आणखी एक गोष्ट होते जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. नळी लांब होते, पण पावडर अजून सैल असल्याने ती तारांना धरून ओढत नाही. पुढचं टोक दाबलेलं असतं तिथे तारा पकडलेल्या असतात. मागच्या टोकाला त्या आत शिरतात. ३ मीटरच्या नळीत पाव मीटरभर तार आत गेलेली सापडू शकते. म्हणून मागे तार मोकळी, फूटभर तरी बाहेर ठेवायची, आणि बूच असं की त्यातून तार सरकेल पण पावडर सांडणार नाही. नाहीतर शेपटाकडचा तुकडा कापून मेगर केला की एकच तार लागते आणि माणूस बुचकळ्यात पडतो.

आता तुटण्याकडे येतो. डायच्या पलीकडे बाहेर आलेल्या भागावर ओढण्याचा सगळा ताण असतो. तो कोण पेलतं? नळीची भिंत, आणि थोडाफार त्या दोन तारा. पावडर दाब कितीही सोसेल, ताण अजिबात नाही. ६ मिलिमीटरच्या भरीव सळईचा छेद २८ चौरस मिलिमीटर. तुमच्या केबलमध्ये त्यातला स्टेनलेसचा छेद फक्त १२ ते १४. डायला मात्र पावडरसकट सगळा ऐवज चिरडावा लागतो. म्हणजे काम भरीव सळईच्या जवळपास आणि ते पेलणारा धातू निम्मा. रिकाम्या नळीत एका पासाला २५ ते ३० टक्के घट तुम्हाला सवयीची असेल. भरलेल्या नळीत १५ ते १८ च्या पुढे जाऊ नका.

तुमचे पास पाहा. व्यास दर वेळी दीड मिलिमीटरने उतरवलात, दिसायला सारखं. पण क्षेत्रफळातली घट पहिल्या पासाला २३ टक्के, दुसऱ्याला २७, तिसऱ्याला ३१. पहिल्या पासात पावडर सैल होती म्हणून निभावलं. तिसऱ्याला नळी सगळ्यात ताठ आणि घट सगळ्यात मोठी. तिथे तुटली नसती तरच नवल.

मी तुमच्या जागी असतो तर १२, ११, १०, ९.१, ८.३, ७.५, ६.८, ६.२ आणि शेवटी ६.० असा क्रम धरला असता. ९.१ वर एक ॲनिलिंग, ६.८ वर दुसरं, ६.० वर शेवटचं. शेवटचा पास मुद्दाम हलका आहे, माप आणि पृष्ठभाग नीट यावा म्हणून. ३२१ असो की ३०४, ओढून ओढून त्याला चुंबक लागायला लागतो, कारण धातूची आतली रचना बदलते; गाळ्यात ठेवलेला साधा चुंबक ॲनिलिंगची वेळ जवळ आल्याचं बऱ्यापैकी सांगतो. ॲनिल झालेल्या नळीला तो लागत नाही. (चुंबकाचा आणखी एक उपयोग: दोन तारांपैकी ॲल्युमेल चुंबकाला धरते, क्रोमेल धरत नाही. ओढल्यावर दोन्ही एकाच रंगाच्या दिसतात तेव्हा प्लस-मायनस ओळखायला हे कामी येतं.)

डाय टंगस्टन कार्बाइडच्याच ठेवा. आतला पूर्ण कोन १२ ते १६ अंशांचा बरा. फार उताराची डाय पावडरला मागे ढकलते आणि भिंत एकटी पुढे जाते. टोक काढताना स्वेजिंगने, म्हणजे चहूबाजूंनी ठोकून, हळूहळू उतरवा. हातोडीने चपटं केलेलं टोक पकडीत चिरतं आणि दोष डायवर येतो. टोकाच्या आतल्या पहिल्या इंच-दोन इंचांत पावडर न भरता स्टीलचा भरीव तुकडा घातलात तर पकड पावडरवर न येता धातूवर येते, आणि पहिल्या झटक्याला टोक उपटून निघत नाही.

तेल. स्टेनलेससाठी क्लोरिनेटेड पॅराफिन असलेलं तेल वापरता, ते ठीक. पण ते नळीच्या तोंडातून पावडरमध्ये झिरपलं तर भट्टीत त्याचा कार्बन होतो आणि कार्बन वीज वाहतो. तुमचा जेमतेम मेगर काही नळ्यांत यामुळेही असू शकतो. म्हणून दोन्ही तोंडं ओढताना बंद, आणि भट्टीत जाण्याआधी नळी बाहेरून पूर्ण धुऊन, पुसून, सुकवून. क्लोरीन अंगावर ठेवून स्टेनलेस तापवलं तर पुढे खड्डे पडतात ते वेगळंच.

फुगण्याचं कारण मला तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यात सापडलं: 'जुलैमध्ये भरलेला माल.' मॅग्नेशियम ऑक्साइड हवेतली ओल ओढून घेतं. नुसती पृष्ठभागावर नाही. पाण्याशी संयोग होऊन त्याचं हायड्रॉक्साइड बनतं. वरवरची ओल दोनशे अंशांपर्यंत जाते, पण हायड्रॉक्साइडमधलं पाणी सुटायला साधारण साडेतीनशे अंशांच्या पुढे जावं लागतं. म्हणून १२० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवलेली पावडर 'सुकी' वाटते, पण ती सुकलेली नसते. मुंबईचा पावसाळा या धंद्याला मानवत नाही. समुद्रकाठची हवा, उघडं शटर, बाहेर धो धो पाऊस आणि टेबलावर उघडी गोणी, यापेक्षा वाईट जमवाजमव नाही.

किती ओल त्रास देते याचा हिशेब करा. तुमच्यासारख्या १२ मिलिमीटरच्या नळीत, भिंत १.३३ धरली तर, मीटरला साधारण १४८ ग्रॅम पावडर बसते. तिच्यात अर्धा टक्का ओल राहिली म्हणजे पाऊण ग्रॅम पाणी. ते १०५० अंशांना वाफ होऊन मोकळं सुटलं तर साडेचार लिटर जागा घेईल. दाबून बसलेल्या पावडरमध्ये मोकळी जागा आहे जेमतेम दहा मिलिलिटर. सगळी वाफ आत अडकली तर हिशेबाने चारशेहून जास्त वातावरणांचा दाब होतो. प्रत्यक्षात थोडी वाफ टोकांतून निसटते, थोडी धातूशी संयोग पावते, त्यामुळे आकडा एवढा चढत नाही. पण १०५० ला स्टेनलेस मऊ असतं, आणि या दाबाच्या थोड्याशा अंशानेही नळीला पोट येतं. पोट आलं म्हणजे पावडर तिथे सैल झाली, तारा सरकल्या. तो तुकडा कापून टाकायचा, पुन्हा ओढून सरळ करायचा मोह नको.

उपाय साधे आहेत पण सगळे एकदम करावे लागतात. पावडर ६०० अंशांवर काही तास भाजा, गरम असतानाच झाकणाच्या डब्यात काढा. रिकामी नळी आतून तेलमुक्त करून शंभर-दीडशे अंशांवर तापवलेली असू द्या आणि ऊबदार नळीत ऊबदार पावडर भरा. भरण्याची खोली वेगळी, छोटी, दार बंद, आत डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र). लगेच बूच. मधल्या ॲनिलिंगला मागचं टोक उघडं ठेवा म्हणजे उरलीसुरली वाफ जायला वाट राहते. भट्टीतून निघाल्यावर नळी थंड व्हायच्या आत पुन्हा बंद करा, कारण थंड होताना ती बाहेरची हवा आत खेचते. आणि जमत असेल तर जून ते सप्टेंबर भरूच नका. त्या महिन्यांत आधी भरून, दाबून, टोकं वेल्ड करून ठेवलेला माल ओढा. एकदा घट्ट बसलेल्या पावडरमध्ये ओल फक्त कापलेल्या टोकातून शिरते, तीही हळूहळू.

म्हणूनच तयार केबलचा मेगर टोकाला पडला असेल तर घाबरू नका. टोकापासून आत फूटभर अंतरावर बर्नरची ज्योत लावा आणि हळूहळू टोकाकडे आणा. उलट दिशेने, टोकाकडून आत नेलीत तर ओल आणखी आत पळते. मग गरम असतानाच इपॉक्सीने किंवा ब्रेझिंगने टोक बंद. खोलीच्या तापमानाला ५०० व्होल्टच्या मेगरवर १००० मेगओहम हा या मालासाठी नेहमी मागितला जाणारा आकडा आहे. गरम असताना मोजू नका. तापमान वाढलं की मॅग्नेशियम ऑक्साइडचा रोध झपाट्याने उतरतो आणि चांगला मालही वाईट दिसतो.

पावडर घेताना एक सावधगिरी. गिझर आणि इस्त्रीच्या हीटरसाठी सिलिकॉन लावलेली पावडर मिळते, ती ओल कमी घेते. विक्रेता तुम्हाला पावसाळ्यावरचा रामबाण म्हणून ती देईल. तुमच्या कामाला ती नको. १०५० अंशांच्या हायड्रोजनच्या भट्टीत सिलिकॉन करपतं आणि मागे कार्बन सोडतं.

भरण्याच्या पद्धतीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सुट्या पावडरने सुरुवात करू नका, मण्यांनी करा. मॅग्नेशियम ऑक्साइडचे, दोन भोकांचे, हलके भाजलेले मणी मिळतात. ते तारांत ओवायचे आणि ती माळ नळीत सरकवायची. पहिल्याच पासात मणी फुटून पावडर होते, तारा मात्र जागच्या जागी राहतात. मणी आणि नळी यांच्यात दोन-तीन दशांश मिलिमीटरची फट पुरे; जास्त ठेवलीत तर वरचा सगळा घनतेचा हिशेब बिघडतो. सुटी पावडर भरायची तर नळी उभी लागते, मधोमध तारांची मार्गदर्शक नळी लागते जी पावडर चढेल तशी वर खेचायची, आणि सतत कंपन. बारा-चौदा फुटांच्या गाळ्यात तीन मीटरच्या पुढे नळी उभी राहत नाही. पोटमाळ्याला भोक पाडून किंवा जमिनीत खड्डा करून लोक भरतात, ते चालतं. पण मणी असताना तो खटाटोप कशाला. कुठलीही पद्धत असो, प्रत्येक नळी भरण्याआधी आणि भरल्यावर काट्यावर ठेवा. मीटरला किती ग्रॅम बसलं हा आकडा नळीवर मार्करने लिहा. दोन नळ्यांत तीन-चार टक्क्यांहून जास्त फरक आला की शेवटी त्यांची भिंत आणि तार वेगवेगळी येणार, ते अटळ.

भट्टी स्वतःची नसेल तर ॲनिलिंग जॉबवर्कने करून घ्या. चकचकीत निघायला फोडलेला अमोनिया किंवा हायड्रोजन लागतो, तोही कोरडा, दवबिंदू (वायूतली ओल ज्या तापमानाला बाहेर पडते ते) उणे ४० अंशांच्या खाली. अमोनिया फोडला की त्यात तीन भाग हायड्रोजन आणि एक भाग नायट्रोजन असतो; गाळ्यात तो साठवणं आणि जाळणं हे अंगवळणी पडलेल्या माणसाचंच काम. नुसत्या हवेत तापवून मग ॲसिडमध्ये धुणं या केबलसाठी टाळा, ॲसिड टोकातून आत शिरतं.

आणि गिऱ्हाइकाला खरोखर केबल नको असून नळीचे हीटर हवे असतील, तर ओढूच नका. त्यासाठी रोलिंग मिल. एका रांगेत आडवे-उभे रोल असतात, टोक काढावं लागत नाही, नळी एका फेरीत दबून निघते आणि दाबणं एवढंच तिथे हवं असतं. रोल केल्यावर आतल्या तापणाऱ्या तारेच्या कॉइलचा ओहम (रोध) उतरतो, म्हणून कॉइल आधी जास्त ओहमची भरावी लागते. किती, ते तुमच्या रोलवर एकदोन नग काढूनच ठरवा.

राहिली कॉलेजची मुलं. ती मागताहेत ती मॅग्नेशियम डायबोराइडची अतिवाहक (अति थंडीत विजेला रोध न करणारी) तार असणार. हा साधासा पदार्थ ३९ केल्व्हिनपर्यंत अतिवाहक राहतो हे २००१ मध्ये जपानच्या जुन अकिमित्सू यांच्या गटाने दाखवलं, आणि तेव्हापासून नळीत पावडर भरून तार ओढण्याची रीत जगभर वापरतात. तत्त्व तुमच्याच केबलचं, पण तीन गोष्टी वेगळ्या. पहिली म्हणजे इथे मधे कडक ॲनिलिंग करता येत नाही. मॅग्नेशियम ६५० अंशांना वितळतं, आणि त्याच्या आसपासच त्याचा बोरॉनशी संयोग होऊन ठिसूळ डायबोराइड तयार होतं. ते ओढण्याच्या मधेच झालं तर पुढे तार खंडखंड होते. म्हणून सुरुवातीलाच पूर्ण मऊ केलेली, कमी कार्बनची लोखंडी नळी घ्यायची आणि दहा-बारा टक्क्यांच्या बारीक पासांत न्यायची. तांब्याची नळी चालत नाही, मॅग्नेशियम तांब्यात शिरतं. चालवायचीच तर आत नायोबियमचं अस्तर लागतं.

दुसरी गोष्ट, कडक बोरॉनचे दाणे मऊ मॅग्नेशियमबरोबर एकसारखे वाहत नाहीत. गाभा ठरावीक अंतराने फुगीर आणि बारीक होत जातो. बाहेरून तार गुळगुळीत दिसते, आत मात्र माळ झालेली असते. व्यास जसा लहान, पास जसा मोठा, तसं हे वाढतं. एक मिलिमीटरच्या खाली जायचं असेल तर प्रत्येक पासानंतर एक तुकडा उभा चिरून, राळेत बसवून, घासून बघायला सांगा. हे काम मुलांचं, तुमचं नाही. शेवटच्या भाजण्यात गाभ्याचं आकारमान साधारण पाव भागाने कमी होतं आणि आत पोकळ्या राहतात, तेव्हा त्यांनी मोजलेली घनता कमी आली तर तुमच्या डायला दोष देऊ नये, हेही आधीच सांगून ठेवा.

तिसरी गोष्ट आगीची. मॅग्नेशियम ऑक्साइड जळून झालेलं असतं, त्याची भीती नाही. मॅग्नेशियमची बारीक पावडर मात्र पेटते, आणि पेटली की पाणी किंवा कार्बन डायऑक्साइडचा बाटला मारून विझत नाही, उलट भडकते. तुमच्या गाळ्यात ती उघडी येताच कामा नये. नळ्या कॉलेजने आपल्या आर्गॉन वायूच्या बंद पेटीत भरून, दोन्ही टोकं बंद करून आणाव्यात. बेंचजवळ कोरड्या वाळूची बादली ठेवा. टोक तुटून पावडर सांडली तर ओला फडका घेऊ नका, झाडूने कोरडी गोळा करून बाहेर नेऊन ठेवा. या अटी मान्य असतील तर काम घ्या. १२ पासून ६ पर्यंत तुमच्या आहेत त्याच डाय चालतील, फक्त मधल्या मापांच्या आणखी काही लागतील, त्यांचा खर्च मुलांच्या प्रकल्पातून आधी घ्या.